द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी : कार्यकर्त्यांच्या ज्ञानाची परीक्षा

जिवाणू संवर्धनाचे पाकीट शेतकऱ्याच्या हाती दिले म्हणजे ग्रामकार्यकर्त्याचे काम संपले, असे होत नाही. पाकिटातील जिवाणू जमिनीत जाऊन काय करतात हे ज्यास सांगता येत नाही, त्याच्या शिफारशीवर शेतकऱ्याचा भरवसा बसणे कठीण. यासाठी पुढील प्रश्नांचे उत्तर कार्यकर्त्याने प्रथम स्वतः द्यावे व नंतर पाठ वाचावा.

प्रश्न १. हवेत शेकडा ७८ भाग नत्र असता पिकास नत्राची उणीव का भासते?

हवेतील नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांस जखडलेले असतात. तो बंध वनस्पतीस तोडता येत नाही. ऱ्हायझोबियम वर्गातील जिवाणूंस तोडता येतो, कारण त्यांच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचे एन्झाइम असते. त्यात लोह व मॉलिब्डेनम ही मूलद्रव्ये असतात. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करण्यास एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे निदान १६ रेणू खर्ची पडतात. हा खर्च पीक आपल्या पानांत तयार झालेल्या साखरेतून भागविते. जिवाणू फुकट चाकरी करीत नाहीत.

प्रश्न २. हरभऱ्याचे संवर्धन सोयाबीनला का चालत नाही?

"पाकिटावर तसे लिहिले आहे म्हणून," हे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. ते उत्तर नव्हे. पिकाचे मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत सोडते. योग्य जातीच्या जिवाणूस ही खूण पटली की त्याची 'नॉड' जनुके जागी होतात व तो उलट खुणेचे द्रव्य तयार करतो. त्या द्रव्याची घडण पिकास मानवली तरच मुळावरील केस वाकडा होतो, जिवाणूस आत वाट मिळते आणि गाठ धरते. खूण जुळली नाही तर दार बंदच राहते. ही जनुके कित्येक जातींत प्लास्मिड या वेगळ्या डीएनए-वलयावर असतात, तर सोयाबीनच्या जिवाणूत ती मुख्य गुणसूत्रावरच असतात. ज्या जमिनीत सोयाबीन पूर्वी कधी घेतलेले नाही, तेथे त्याचे जिवाणू बहुधा नसतात. अशा ठिकाणी बीजप्रक्रिया टाळल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते.

प्रश्न ३. चांगली गाठ आतून गुलाबी का असते?

नायट्रोजिनेज हे प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते; परंतु जिवाणूस श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच. ही अडचण लेगहीमोग्लोबिन दूर करते. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनचेच हे नातलग. ते प्राणवायू धरून ठेवते व बेताबेताने पुरविते. गुलाबी रंग त्याचाच.

या एका रंगावर शेतातील निर्णय अवलंबून असतो. पीक फुलोऱ्याच्या सुमारास असताना शेतात चार-पाच ठिकाणी झाडे कुदळीने मातीच्या ढेकळासह काढावीत. उपटू नयेत, कारण गाठी तुटून जमिनीतच राहतात व "गाठी नाहीत" असा खोटा निष्कर्ष निघतो. मुळे पाण्यात धुवून गाठी नखाने फोडाव्यात. गुलाबी वा लाल असल्यास नत्राचे काम चालू आहे. युरियाचा खर्च करण्याचे कारण नाही. पांढऱ्या असून पाने पिवळी पडत असल्यास मात्र नत्र देण्यास मागेपुढे पाहू नये. "जिवाणू लावले आहेत, खत नको," असे अशा वेळी सांगणारा कार्यकर्ता शेतकऱ्याचे पीक घालवितो. हिरवट वा तपकिरी गाठ म्हणजे तिचे आयुष्य सरले.

सूत्रकृमीच्या गाठींशी घोटाळा होऊ नये. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असते व सहज निघते. सूत्रकृमीने मूळच सुजते, ती गाठ वेगळी होत नाही.

राहिली बीजप्रक्रिया. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड केलेल्या द्रावणात कालवून हलक्या हाताने चोळावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. पाकीट उन्हात, खताच्या पोत्यावर किंवा मोटारीच्या टपावर ठेवू नये आणि घेताना त्यावरील पिकाचे नाव व मुदतीची तारीख शेतकऱ्यास वाचून दाखवावी.