इस्टर एका दिवसाचा नसतो, लेकरा

लेकरा, प्रायश्चित्तकाळ तू छान पाळतेस-पाळतोस, यात शंका नाही. राखेच्या बुधवारपासून मांसाला हात नाही, शुक्रवारची क्रुसाची वाट चुकत नाही, इस्टरच्या रात्री मेणबत्ती हातात आणि डोळ्यांत पाणी. आणि सोमवारी? बायबल परत कपाटावर! सण झाला, सुटलो.

पण चर्चचा हिशेब वेगळा आहे. उपासाचे दिवस चाळीस, आनंदाचे पन्नास. पुनरुत्थानाच्या रविवारपासून पेन्टेकॉस्टपर्यंत सगळा इस्टरच. इस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे आपल्या सटाण्याकडे हे पन्नास दिवस नेमके उन्हाळ कांद्याच्या काढणीत, लग्नसराईत आणि आखाजीत सापडतात. कामं खोटी नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच कामं सांभाळून रोजचं वचन कसं वाचावं, ते सांगते. जमेल तेवढं आजपासून घे, उरलेलं हळूहळू.

बसण्याआधी

१. वेळ ठरव, आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांध. चहा ठेवण्याआधी म्हण किंवा मळ्यात निघण्याआधी म्हण — ‘सवड मिळाली की वाचू’ म्हणणाऱ्या घरात सवड कधी येत नाही.

२. दहा मिनिटं ठरव, तासाचा संकल्प सोडू नकोस — मोठा नेम पाहुण्यासारखा मिरवतो आणि लवकर जातो. छोटा नेम घरचा होतो.

३. शक्यतो पहाटे बस — एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली जीव नकोसा होतो, तिथे वचनात मन कुठून लागणार?

४. बायबल हाताशी ठेव आणि उद्याच्या पानात आजच दोरी घाल — पान शोधण्यातच पाच मिनिटं गेली की माणूस उठायची सबब शोधतो.

५. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे. वाचनांचे संदर्भ रात्रीच कागदावर उतरवून घे — संदर्भ बघायला उघडलेला मोबाइल बाजार समितीतला कांद्याचा भाव बघितल्याशिवाय बंद होत नाही, तुझा तर नाहीच.

६. बायबल कॅथोलिक आवृत्तीचं घे, त्यात ७३ पुस्तकं असतात. प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६ — इस्टरकाळात भागेल, पण पुढे एखाद्या दिवशी मक्काबी किंवा बेन सिराचं वाचन आलं की शोधत बसशील. भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ जवळ ठेव, नावाप्रमाणेच आहे.

७. एक वही कर. तारीख, संदर्भ आणि मनाला लागलेली एक ओळ, बस्स — इस्टरकाळातली सोमवार ते शनिवारची वाचनं दरवर्षी तीच असतात, फक्त रविवारची तीन वर्षांच्या फेऱ्याने बदलतात. यंदा लिहिलेलं पुढच्या वर्षी त्याच दिवशी तुला भेटेल, आणि तू किती पुढे आलास तेही कळेल.

वाचताना

८. आधी क्षणभर गप्प बस, पवित्र आत्म्याला हाक मार — ज्याच्या प्रेरणेने लिहिलं गेलं, अर्थही त्यालाच विचारावा.

९. मोठ्याने वाच. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक मोठ्याने वाचत होता — म्हणून तर ते फिलिपच्या कानावर पडलं. मनातल्या मनात वाचलं असतं तर रथ तसाच पुढे गेला असता.

१०. कळलं नाही तर विचार. फादरना, सिस्टरना, घरातल्या जाणत्याला. त्या अधिकाऱ्याकडे राणीचा सगळा खजिना होता, तरी ‘कोणी समजावल्याशिवाय कसं कळणार’ हे सांगायला तो लाजला नाही — विचारणारा एकदा अडतो, न विचारणारा रोज अडतो.

११. दोनदा वाच. पहिल्यांदा काय घडलं ते बघ, दुसऱ्यांदा कोणता शब्द तुझा हात धरतो ते बघ — एकाच वाचनात दोन्ही साधत नाही.

१२. तो एकच शब्द घे आणि थांब. चाळीत कांदा दाबून भरला तर आतून सडतो, हे तुला मी सांगायला नको. वाचलेल्यालाही हवा खेळायला जागा लागते — पाच अध्याय कोंबलेस तर संध्याकाळपर्यंत एकही शिल्लक राहायचा नाही.

१३. प्रसंग असेल तर त्यात जाऊन उभं राहा. होडीत, माडीवर, थडग्यापाशी. कोण काय बोललं, वास कसला येतोय, तू कुठे उभं आहेस ते बघ — संत इग्नेशियसने घालून दिलेली ही रीत आहे, आणि ती शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना जमते.

१४. मग आपल्या भाषेत देवाशी बोल, आणि शेवटी नुसतं त्याच्यापाशी बस. वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान या चार पायऱ्या बाराव्या शतकात गुइगो नावाच्या मठवासीने लिहून ठेवल्या — आपण बहुतेक जण पहिल्याच पायरीवरून माघारी फिरतो.

१५. ‘हे वचन अगदी आमच्या जाऊबाईंना लागू पडतं’ असं मनात आलं की समज, ते तुझ्यासाठीच आलंय — दुसऱ्यासाठी वाचलेलं वचन आपल्या घरी राहत नाही.

आठवड्यांची वाट

१६. पहिले आठ दिवस मिळून चर्च एकच सण मानते. रोज उठलेल्या प्रभूची नवी भेट वाचायला मिळते. नीट बघ, त्याला पहिल्या नजरेत कोणी सहसा ओळखत नाही. मरिया मग्दालेनाला तो माळी वाटला, नावाने हाक मारली तेव्हा ती वळली — पहिल्या वाचनात काही उमगलं नाही म्हणून नाराज होऊ नकोस.

१७. त्याच आठवड्यात बुधवारी अम्माऊसची वाट येते. दोघं अकराएक किलोमीटर चालले, तो सोबत चालून शास्त्र उलगडत होता, त्यांची मनं पेटली होती. तरी ओळख पटली ती भाकर मोडताना — म्हणून वाचन आणि मिस्सा यांची ताटातूट करू नकोस.

१८. दुसऱ्या रविवारी दरवर्षी थोमा भेटतो. २००० सालापासून हाच दैवी दयेचा रविवार. शंका आली तरी तो मंडळी सोडून गेला नाही, आठ दिवसांनी त्याच खोलीत होता — शंका घेऊन घरात राहावं, घर सोडून शंका फिटत नाही.

१९. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात योहानचा सहावा अध्याय सावकाश पुढे सरकतो. पाच भाकरींपासून जीवनाच्या भाकरीपर्यंत. बोलणं कठीण म्हणून पुष्कळ जण निघून गेले, पेत्र थांबला, आणि त्यालाही सगळं कळलं होतं असं नाही — रविवारी ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी यातलं एक वाक्य आठव.

२०. ‘प्रेषितांची कृत्ये’मधल्या पहिल्या वाचनात याच सुमारास विधवांच्या वाटपावरून कुरबूर होते, मग सात जण नेमले जातात. पुढे विधवांना कपडे शिवून देणारी तबिथा भेटते. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी रिकामा करणाऱ्या देव मामलेदारांच्या गावात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको — भुकेल्याच्या ताटाची काळजी पहिल्या मंडळीने प्रार्थनेइतकीच घेतली.

२१. चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा. रानात मेंढ्या बसवायला आलेल्या धनगराला पहाटे बघ. त्याची एक हाळी गेली की कळप उठतो, तू शंभरदा ओरडलास तरी मान वर होत नाही — आवाज ओळखीचा व्हायला रोजचा सहवास लागतो, आणि रोजचं वाचन त्यासाठीच आहे.

२२. पाचव्या आठवड्यात ‘प्रेषितांची कृत्ये’चा पंधरावा अध्याय येतो. यहुदी नसलेल्यांना मंडळीत कसं घ्यावं यावर मोठा वाद. सगळे एकत्र बसले, सगळ्यांचं ऐकलं, ठरलं ते पत्रात लिहून पाठवलं — बांधावरून भाऊबंदकी पेटायच्या आत हा अध्याय घरात एकदा मोठ्याने वाच.

२३. चौथ्या आठवड्याच्या अखेरीपासून सातव्यापर्यंत योहानमधलं शेवटच्या रात्रीचं बोलणं चालतं, आणि तेच शब्द परत परत येतात: राहा, प्रीती, आनंद, शांती. कंटाळू नकोस — निरोप घेणारं माणूस तेच तेच सांगतं, कारण तेच महत्त्वाचं असतं.

२४. स्वर्गारोहणानंतर पवित्र मरिया आणि प्रेषित प्रार्थनेत एकत्र राहिले. पेन्टेकॉस्टआधीचे नऊ दिवस घरातही पवित्र आत्म्याची नोव्हेना कर — चर्चमधल्या नोव्हेनांचं मूळ या वाट बघण्यात आहे.

२५. शेवटच्या शुक्रवारी-शनिवारी योहानचं शुभवर्तमान काठावर येऊन संपतं: पहाट, कोळशाचा विस्तव, भाजलेले मासे. कोळशाच्याच विस्तवापाशी पेत्राने तीनदा नाकारलं होतं, इथे त्याला तीनदा विचारलं जातं — प्रभू जुनी चूक उगाळत बसत नाही, तिथेच नवं काम देतो.

घरात आणि माणसांत

२६. लहानांना पूर्ण वाचन नको, एक गोष्ट सांग आणि रात्री त्यांच्याकडून ऐक — सांगायला लागलं की पोरं ध्यान देऊन ऐकतात.

२७. घरच्यांसोबत आठवड्यातून एकदा तरी मिळून वाच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांत आहे, कारण ते मिळून वाचायचं, ऐकायचं होतं — आपल्या मातीत देवाची कथा एकट्याने चाखायची रीत नाही.

२८. नवरा, बायको, तरणी पोरं यांच्या मागे लागू नकोस. नाशिकजवळ जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक आपल्या पंथाच्या नव्हेत, पण बघ: नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्या मात्र पुढे काही वर्षांनी स्वतःच्या मनाने त्या वाटेवर आल्या — ढकलून आणलेला उंबऱ्यावरच थांबतो, चालून आलेला आत बसतो.

२९. आखाजीला लेकी माहेरी आल्या की रसाच्या जेवणाआधी त्या दिवसाचं शुभवर्तमान एकीला वाचायला सांग — सणाला जमलेलं घर पुन्हा वर्षाने जमतं.

३०. दुपारी देवदूताच्या निरोपाऐवजी इस्टरकाळात स्वर्गाच्या राणीची प्रार्थना म्हणतात, तीही उभं राहून; तेवढं पाठ कर — मळ्यात बायबल नेता येत नाही, पाठ असलेलं बरोबर येतं.

३१. नाशिक आपल्याहून ९० किलोमीटरच्या आसपास. रोजची मिस्सा प्रत्येकाला कुठून मिळणार? म्हणून रोजचं वाचन चुकवू नकोस आणि शनिवारी रात्री रविवारची वाचनं वाचून ठेव — जगभरची कॅथोलिक मंडळी त्या दिवशी तीच वचनं ऐकते, तू सटाण्यात एकटं नाहीस. आपला नाशिक धर्मप्रांतसुद्धा १९८७ च्या मे महिन्यात, याच इस्टरकाळात जन्मला.

अडलं तर

३२. दोन-चार दिवस चुकले तर मागचं भरून काढायला बसू नकोस, आजचं वाच — थकबाकीच्या धास्तीनेच माणूस खातं बंद करतो.

३३. डुलकी लागली तर उभ्याने वाच. पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललं आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौलाने त्याला कवटाळलं, तो जिवंत निघाला, आणि पौल परत बोलायला लागला — झोपेला पवित्र शास्त्रातही माफी आहे, पण खिडकीत बसू नकोस.

३४. काही दिवस मन कोरडं राहील, एकही शब्द लागणार नाही. तरी दहा मिनिटं बस — भेट देणं न देणं त्याच्या हाती, हजर राहणं तुझ्या हाती.

३५. झोपण्याआधी त्या दिवसाच्या शब्दातून एक काम उरक: अबोला असलेल्याला फोन, शेजारच्या आजारी म्हातारीला भाकर, मजुराची राहिलेली मजुरी — वाचलेलं हातात उतरलं नाही तर ते नुसतं वाचलेलंच राहतं.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, आणि जमायलाही नको. पहिला, बारावा आणि पस्तिसावा एवढे तीन धर, बाकीचे त्यांच्या मागे येतील. प्रभू उठला आहे हे आपण इस्टरच्या रात्री तोंडाने म्हणतो. ते मनात उतरायला चर्चने पन्नास दिवस दिलेत. ते वाया घालवू नकोस. आज रात्री दोरी पानात घाल, आणि उद्या पहाटे चहाआधी बस.