पुसलेली नोंद परत दिसते तेव्हा

लेव्हलडीबी हे गूगलमधून आलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. नोंदी साठवायच्या आणि मागितल्या की परत द्यायच्या, एवढेच त्याचे काम. प्रोग्रॅमर जोसेफ नॉर्टन यांनी त्याची परीक्षा क्विकचेक या चाचणी-साधनाने घेतली. हाताने उदाहरणे रचण्याऐवजी त्यांनी उघड, साठव, पूस, बंद कर या क्रियांचा क्रम संगणकालाच ठरवू दिला. नियम एकच: साध्या यादीतून जे उत्तर मिळेल तेच लेव्हलडीबीने द्यावे. 17 क्रियांच्या एका क्रमानंतर पुसलेली नोंद पुन्हा दिसू लागली! दुरुस्ती झाली, चाचणी परत चालवली, तर आणखी लांबलचक क्रमाने तोच दोष वर आला. असा क्रम कोणाला हाताने सुचला असता?

नियम माणसाने द्यायचा आणि उदाहरणे संगणकाने काढायची, हीच प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंग. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी 2000 साली क्विकचेक हास्केल भाषेसाठी मांडले. पायथॉनमध्ये हे काम हायपोथेसिस नावाचे साधन करते. नमपाय आणि पांडाज या पायथॉन प्रकल्पांच्या चाचण्यांतही ते आहे.

मराठीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तर याकडे आवर्जून वळावे. धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची नावे शोधून देणारा प्रोग्रॅम घ्या. कऱ्हाडे या आडनावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकाच कोडने, किंवा साधा ‘र’ आणि त्याला नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी अक्षरे वाटतात. लिहिणारा स्वतःच्या कीबोर्डवर नाव टाइप करून पाहतो, सापडते, आणि निर्धास्त होतो. दुसरीकडून आलेल्या यादीतला कऱ्हाडे मात्र शोधात येतच नाही.

इथे नियम लिहावा: एकाच नावाच्या दोन्ही रूपांना उत्तर एकच मिळाले पाहिजे. अपेक्षित उत्तर काढायला प्रोग्रॅममधलेच गणित चाचणीत उतरवू नये. चूकही सोबत उतरते. हायपोथेसिस मुळात प्रत्येक चाचणीत 100 उदाहरणे तपासते. संपूर्ण युनिकोड मोकळे सोडले तर त्यांत देवनागरी क्वचितच येईल, म्हणून अक्षरे देवनागरीच्या 128 कोडांपुरती बांधून द्यावीत. मग दोष लवकर हाती लागतो, आणि हायपोथेसिस उदाहरण छाटत छाटत एखाद्या अक्षरापर्यंत आणून दाखवते.

2023 साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या किंवा नव्या नावाने शोधले तरी तोच जिल्हा मिळावा, हाही असाच एक नियम.

फसलेले उदाहरण हायपोथेसिस त्याच संगणकावर जपून ठेवते, सहकाऱ्याच्या संगणकावर ते आपोआप जात नाही. म्हणून दुरुस्तीबरोबरच ते उदाहरण चाचणीच्या फाइलीत कायमचे लिहून टाकावे.