डाळीतले जस्त शेतातूनच येते

रोज वरण-भात खाणारे लेकरूही सारखे आजारी पडते. कारणे अनेक असतात. जस्ताची, म्हणजे झिंकची कमतरता हे त्यातले एक. वाढीला, जखम भरायला आणि रोगाशी झुंजायला शरीराला जस्त लागते.

जमिनीत जस्त कमी, तर दाण्यातही कमी. चुनखडीच्या जमिनीत ते असूनही मुळांना मिळत नाही. उपाय सोपा आहे. तूर-हरभरा फुलोऱ्यात असताना आणि पुन्हा शेंगा भरताना झिंक सल्फेट फवारावे. पानांनी घेतलेले जस्त दाण्यात उतरते. प्रमाण ०.५ टक्के : १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, सोबत त्याच्या निम्म्या विरवलेल्या चुन्याची निवळी. चुना नसेल तर पाने करपू शकतात. गावाकडे भावकीची शेती असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

लोहाचे मात्र इतके सोपे नाही. खतातून दिलेले लोह दाण्यात फारसे उतरत नाही. म्हणून अंगात रक्त कमी असेल, तर तपासणी करून लोहाच्या गोळ्या घ्याच.

आपल्या हातातले काय? दाण्यातला फायटेट हा घटक जस्त आणि लोह अडवून धरतो. कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणले की तो कमी होतो. उसळीवर लिंबू पिळा. लोह चांगले शोषले जाते. जेवणाला लागून चहा नको. बाळाला जुलाब झाले, तर ओआरएससोबत जस्ताच्या गोळ्या आशाताईंना विचारून १४ दिवस द्या. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका.