गठाण प्रेसच्या तेलासाठी ऑफलाइन फिल्टर निवडताना

अकोट, दर्यापूर, धामणगावकडच्या जिनिंगमध्ये हंगामात हवेतच रुई असते. प्रेसचा सिलिंडर वर गेला की टाकीतलं तेल उतरतं आणि तेवढी हवा ब्रीदरमधून आत ओढली जाते, तिच्यासोबत धूळ. म्हणून फिल्टरचं कोटेशन मागवण्याआधी बारीक गाळणीचा ब्रीदर बसवा, टाकीच्या झाकणाचं गॅस्केट बदला. हे न करता महागडा फिल्टर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग नमुना. प्रेस चालू, तेल गरम असताना प्रेसच्या रिटर्न लाइनवरच्या फिल्टरच्या अलीकडच्या नळातून घ्या. सुरुवातीची धार सोडून द्या, बाटली स्वच्छ हवी. लॅबकडून आयएसओ ४४०६ चा आकडा मागा. १८/१६/१३ मधला १६ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ६ मायक्रॉनहून मोठे ३२० ते ६४० कण. आकडा एकाने चढला की कण दुप्पट. किती स्वच्छ तेल हवं ते पंप आणि व्हॉल्व्हच्या पुस्तिकेत पाहा. गरम तव्यावर तेलाचा थेंब तडतडला तर पाणी आहे. पाणी शोषणारं एलिमेंट मिळतं, पण कूलर गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा.

ऑफलाइन फिल्टरला स्वतःचा पंप असतो; आता त्याचा आकार. मिनिटाला टाकीच्या ५ ते १० टक्के तेल फिरावं. ६०० लिटरच्या टाकीला ३० ते ६० लिटर. जिनिंगला वरचाच आकडा धरा. खरी मेख पुढे आहे. व्हीजी ६८ तेलाचा ६८ हा आकडा ४० अंश तापमानाचा. डिसेंबरच्या पहाटे तेच तेल कितीतरी पट घट्ट असतं. फिल्टरचं हाउसिंग लहान पडलं की बायपास व्हॉल्व्ह उघडतो, तेल न गाळताच टाकीत परततं आणि मोटर मात्र फिरताना दिसते! विक्रेत्याला थंड तेलावरचा दाब विचाराच.

नुसत्या ‘१० मायक्रॉन’वर जाऊ नका, बीटा विचारा. बीटा २ म्हणजे त्या मापाचे निम्मे कण निसटणार. बीटा १००० म्हणजे हजारात एक. एलिमेंट किती ग्रॅम घाण धरतं तेही लिहून घ्या. स्वस्त युनिटचं छोटं एलिमेंट हंगामात पुन्हापुन्हा बदलावं लागतं, आणि ते अकोल्यात मिळालं नाही तर युनिट कोपऱ्यात पडतं.

प्रेस एकच असेल तर युनिट टाकीला कायमचं जोडा. दोन-तीन असतील आणि सगळ्यांत एकच तेल असेल तर ट्रॉली बरी. नवीन ड्रमही तिच्यातूनच भरा, कारण सीलबंद तेलही पुरेसं स्वच्छ नसतं. सक्शन टाकीच्या एका टोकाला तळाजवळ, रिटर्न दुसऱ्या टोकाला तेलाच्या पातळीखाली, नाहीतर फेस होतो.

पंधरवड्याने त्याच नळातून पुन्हा नमुना घ्या. आकडा उतरला नसेल तर बायपास आणि ब्रीदर आधी तपासा, एलिमेंट नंतर.