जमिनीतल्या लूपने शिकवलेले

स्टॉकहोमच्या आसपासच्या कितीतरी घरांच्या अंगणात बोअर मारलेली असते. ती पाण्यासाठी नसते, उष्णतेसाठी असते. ११५ मिलिमीटर व्यासाचे, दीडशे-दोनशे मीटर किंवा त्याहूनही खोल भोक ग्रॅनाइटमध्ये पाडतात. त्यात ४० मिलिमीटरची प्लास्टिकची नळी खाली जाऊन वळते आणि वर येते. नळीतून पाणी आणि इथेनॉलचे मिश्रण फिरत राहते. आठ-नऊ अंशांच्या खडकातली ऊब ते वर आणते आणि हीट पंप तिच्यावर घर तापवतो. असे लूप आखणे आणि तपासणे हे माझे काम. इथे घर घेतलेली मराठी कुटुंबे मला वरचेवर याबद्दल विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

१. हिशेब जानेवारीतल्या द्रवाचा करा.
माहितीपत्रकातले आकडे अनेकदा साध्या पाण्याचे, तेही कोमट पाण्याचे असतात. नळीत मात्र २५ टक्के इथेनॉल असते आणि कडाक्याच्या थंडीत त्याचे तापमान शून्याच्या आसपास उतरते. त्या वेळी त्याची श्यानता तितक्याच थंड पाण्याच्या दुपटीहून बरीच जास्त असते. लूपमधल्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथे आहे, असे माझे मत आहे.

२. खळबळ हवी, पण ती केव्हा हवी हे ओळखा.
१८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. वेग कमी असताना ती सरळ रेषेत गेली, वेग वाढताच विस्कटून पाण्यात मिसळली. आपल्या लूपमध्येही हेच घडते. द्रव शांत थरांनी वाहत असेल, तर नळीच्या भिंतीलगतचा थर उष्णता घेतो आणि मधला भाग थंडच राहतो.

१० किलोवॉटचा हीट पंप धरा. त्यातले सुमारे साडेसात किलोवॉट जमिनीतून येतात. द्रव चार अंशांनी थंड होऊन परत खाली जाणार असेल, तर सेकंदाला साधारण अर्धा लिटर प्रवाह लागतो. एकाच बोअरची नळी असेल, तर तेव्हा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा आकडा, तीन-साडेतीन हजारांच्या घरात असतो. प्रवाह ०.३ लिटरवर आणला की तो २,३०० च्या सीमेखाली घसरतो आणि खळबळ थांबते. मग तितकीच उष्णता ओढायला द्रव आणखी दोनेक अंश थंड व्हावा लागतो. द्रवाचा एक अंश उतरला की विजेचा खर्च अंदाजे दोन-तीन टक्क्यांनी चढतो.

पण म्हणून द्रव फिरवणारा पंप वर्षभर पूर्ण वेगाने चालवणे मला पटत नाही. प्रवाह निम्मा केला की पंपाची वीज जवळपास आठव्या हिश्शावर येते. ऑक्टोबरमध्ये घराला थोडीच उष्णता लागते. तेव्हा शांत प्रवाहाने होणारे नुकसान किरकोळ असते आणि वाचलेली वीज त्याहून मोठी असते. खळबळ ही फक्त भर थंडीची गरज आहे. वेग बदलणारा पंप घ्या, त्याचे पैसे वसूल होतात.

३. बोअर खोल असेल तर प्रवाह फार कमी करू नका.
दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी असतात. तीनशे मीटर खोलवरून संथपणे वर येणारा द्रव आपली ऊब खाली जाणाऱ्या थंड द्रवाला देत येतो. खोलीचे पैसे मोजायचे आणि उष्णता वाटेतच गमवायची, असा तो प्रकार होतो.

४. इथेनॉल जास्त घातले म्हणजे सुरक्षितता वाढली, असे नाही. २५ टक्क्यांचे मिश्रण उणे १५ अंशांच्या आसपास गोठू लागते. त्यापुढे वाढेल तो फक्त पंपावरचा भार.

५. बोअरमधले पाणीही काम करते.
स्वीडनमध्ये बहुतेक बोअरमध्ये नळीभोवतीची जागा भूजलानेच भरलेली असते. तापमानातल्या फरकामुळे हे पाणी आपोआप फिरते आणि खडकाची उष्णता नळीपर्यंत पोहोचवते. पण चार अंशांजवळ पाण्याची घनता सर्वाधिक असते. तिथे तापमान थोडे बदलले तरी घनता जवळजवळ बदलत नाही, आणि हे फिरणे मंदावते. बोअरची चाचणी मात्र बहुधा गरम द्रव सोडून घेतात. त्यात पाणी छान फिरते आणि निकाल चांगला दिसतो. हिवाळ्यात उष्णता उलट दिशेला ओढली जाते, तीही चार अंशांच्या आसपास. म्हणून चाचणीचा आकडा मी कधीच जसाच्या तसा धरत नाही. पाणी गोठेपर्यंत उष्णता ओढली, तर बर्फाच्या दाबाने नळी चेपू शकते. याला मी सगळ्यात जास्त भिते.

६. सुरू करण्यापूर्वी लूपमधली हवा पूर्ण काढा. त्यासाठी द्रवाचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर हवा. रोजचा पंप इथे पुरेलच असे नाही, मोठा पंप आणायला सांगा.

७. खडकाचे घड्याळ वेगळे आहे.
लुंड विद्यापीठाच्या पेर एस्किलसन यांनी १९८७ च्या प्रबंधात दिलेल्या सूत्राने हिशेब केला, तर १०० मीटरच्या बोअरभोवतीच्या खडकाचे तापमान स्थिर व्हायला वीसेक वर्षे लागतात. खोली दुप्पट झाली की काळ चौपट. पहिले दोन हिवाळे चांगले गेले म्हणून निश्चिंत होऊ नका. शेजाऱ्याच्या बोअरपासून २० मीटर अंतर ठेवा, हे इथले मार्गदर्शन याचसाठी आहे.

८. ‘पुण्यात चालेल का?’
तिथे जमीनच २५ अंशांच्या वर, आणि काळा पाषाण ग्रॅनाइटपेक्षा उष्णता बराच कमी वाहून नेतो. शिवाय खोल्या थंड करताना बाराही महिने उष्णता जमिनीतच ओतली जाईल, ती परत काढणारा हिवाळा तिथे नाही. नुसत्या एसीसाठी घरगुती बोअर मारू नका, असे मी स्पष्ट सांगते. रुग्णालय किंवा हॉटेल असेल, जिथे रोज भरपूर गरम पाणी लागते, तिथे मात्र विचार जरूर करावा. पण आधी जागेवरच्या खडकाची चाचणी घ्या. आणि काम देण्यापूर्वी सर्वांत बिकट दिवसाला द्रवाचा प्रवाह, पंपावरचा दाब आणि द्रवाचे तापमान किती असेल, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्या.