स्टेटसवर मत मांडलं तर गुन्हा?

प्रश्न : ‘सीमाभाग महाराष्ट्रात यावा’ असं स्टेटस ठेवणं गुन्हा आहे का? (वाचक, निपाणी)

उत्तर : नाही. ही मागणी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढेच आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात एका प्राध्यापकाने ३७० कलम हटवल्याच्या तारखेला स्टेटसमध्ये ‘काळा दिवस’ म्हटलं, म्हणून गुन्हा नोंदला गेला; मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. समंजस, खंबीर माणसाला ते शब्द कसे वाटतील, ही कसोटी; चटकन बिथरणाऱ्याला नव्हे. सीमाभागात ठिणगी लवकर पेटते, हा आक्षेप खराच: डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूतल्या शिवपुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ पसरला आणि बेळगावात कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. पण तो गुन्हा नासधूस करणाऱ्यांचा, शांतपणे मत मांडणाऱ्याचा नव्हे. मात्र ‘कानडी किंवा मुसलमान शेजाऱ्यांना हाकला’ असं लिहिलंत, तर भारतीय न्याय संहितेचं १९६ कलम लागू शकतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद.