थांबण्याचे अंतर

कोणी स्वतःच्या हातांनी घर बांधतो, कोणी होडी बांधतो. परंतु घरच्या घरी विमान बांधणारी माणसेही जगात आहेत, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. अमेरिकेतील अशा हौशी लोकांनी १९५३ साली मिलवॉकी शहरात आपली एक संस्था स्थापन केली. दरवर्षी जुलैच्या अखेरीस ऑशकॉश या गावी तिचा मोठा मेळा भरतो आणि कित्येक जण आपण बांधलेल्या विमानांतूनच त्या मेळ्याला येतात. मोटार ठेवण्याच्या खोलीत ॲल्युमिनियमचे पत्रे कापावेत, एकेक रिव्हेट ठोकावा, आणि असे करता करता काही वर्षांनी दोन माणसांचे विमान उभे राहावे, असा हा उद्योग आहे. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनात ते लोकांना पाहावयास मिळाले.

कारखान्यातील विमान विकले जाण्यापूर्वी त्याला अनेक कठीण परीक्षा द्याव्या लागतात. त्याची आसने कृत्रिम अपघातात आपटून पाहतात. घरी बांधलेल्या विमानावर अमेरिकेत अशी सक्ती नाही. मात्र ते विमान प्रमाणित विमानांचे सुरक्षिततेचे नियम पाळीत नाही, अशा आशयाची पाटी प्रवाशाला वाचता येईल अशा जागी लावावी लागते. म्हणजे आसन कसे असावे, पट्टा कोठे अडकवावा, टाकी कोठे ठेवावी, हे पुष्कळसे बांधणाऱ्याच्याच बुद्धीवर सोपविलेले असते. हे स्वातंत्र्य मोठे आहे आणि त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

विमान पडले म्हणजे आतील माणसे संपली, अशी बहुतेकांची समजूत असते. ती खरी नाही. लहान विमानाचे इंजिन बंद पडले, तरी ते दगडासारखे खाली कोसळत नाही. घारीप्रमाणे तरंगत, हळूहळू खाली येत ते एखाद्या शेतात उतरू शकते. उतरताना ते मोडेल. परंतु आतील माणूस चालत बाहेर यावा, हे पुष्कळ वेळा शक्य असते. ते कशावर अवलंबून आहे, याचा शोध एका जखमी तरुणाने आरंभिला.

त्या तरुणाचे नाव ह्यू डी हेवन. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो विमानविद्या शिकत असता हवेत दोन विमानांची टक्कर झाली व त्याचे विमान खाली कोसळले. तो वाचला, पण त्याच्या पोटातील यकृतासारख्या नाजूक इंद्रियांना गंभीर इजा झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याच्या मनात एक विचार आला. इजा नेमकी कमरेच्या पट्ट्याचे टोकदार बक्कल होते त्याच जागी कशी? जमिनीने नव्हे, बक्कलाने आपल्याला मारत आणले होते! मग ते बक्कल निराळ्या आकाराचे असते तर?

हा प्रश्न डी हेवन यांनी पुढे कधी सोडला नाही. १९४२ साली त्यांनी उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या काही माणसांची माहिती अभ्यासून प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे १४४ फूट उंचीवरून पडलेली एक स्त्री होती. ती पत्र्याच्या एका पोकळ पेटीवर पडली. पेटी एक ते दीड फूट खोल चेपली. त्या स्त्रीचे हात मोडले, पण ती उठून बसली! पत्रा चेपत गेला, तेवढेच तिला थांबण्यास अंतर मिळाले. तेवढ्यानेच तिचे प्राण वाचले. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात डी हेवन यांनी अपघातांतील इजांचे संशोधन सुरू केले.

क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घ्यावे लागतात, हे तुम्हांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. हात ताठ धरले तर तळवे झिणझिणतात. चेंडू तोच, वेग तोच. अंतर मात्र निराळे. आता विमानाचा हिशेब करू. ताशी ७२ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेग सारख्या प्रमाणात कमी होत जाऊन विमान १ मीटर अंतरात थांबले, तर आतील माणसाला त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर सोसावा लागतो. तेच १० सेंटीमीटरांत थांबले तर दोनशेपट, आणि शेतातून १० मीटर घसरत जाऊन थांबले तर केवळ दुप्पट. वेग मात्र दुप्पट, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर झाला, तर त्याच १ मीटरात थांबताना जोर दुप्पट होत नाही; तो चौपट, म्हणजे ऐंशीपट होतो. म्हणून जमिनीला टेकताना वेग शक्य तितका कमी हवा; मात्र विमान हवेतच ताब्यातून सुटेल इतका कमी नको.

माणसाचे शरीर असा जोर कितपत सोसू शकते? अमेरिकेच्या हवाईदलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी हे दुसऱ्या कोणावर नव्हे, स्वतःवर पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी ते अग्निबाणांनी ढकललेल्या एका गाड्यावर बसले. ताशी १,०१७ किलोमीटर वेगाने धावणारा तो गाडा केवळ १.४ सेकंदांत थांबविण्यात आला. काही क्षण त्यांच्या शरीरावर वजनाच्या ४६ पटींहून अधिक जोर पडला. डोळ्यांत रक्त उतरले, दृष्टी काही काळ गेली. परंतु ते बरे झाले आणि पुढे १९९९ सालापर्यंत जगले. ते आसनाला पट्ट्यांनी घट्ट बांधलेले होते, हे मात्र विसरता कामा नये.

पट्ट्याचे महत्त्व येथे कळते. केवळ कमरेला पट्टा असेल, तर धड पुढे फेकले जाते व डोके उपकरणांच्या फळीवर आपटते. तेथे टोकदार खिट्ट्या आणि धारदार कडा असतील तर ताशी ५० किलोमीटरही पुष्कळ झाले. म्हणून खांद्यांवरून येणारे पट्टे हवेतच. तेही कोठे अडकवावेत याला शास्त्र आहे. पट्टा खांद्यावरून मागे साधारण सरळ जावा. तो आसनाच्या पाठीवरून खाली तळाशी नेला, तर ओढ बसताच खांदे खाली दाबले जातात आणि पाठीचा कणा चेपतो. शिवाय ७५ किलो वजनाचा माणूस वीसपट जोराने पुढे गेला, तर पट्ट्यांवर १५ क्विंटलांचा भार येतो. पातळ पत्र्याला चार रिव्हेट मारून अडकविलेला पट्टा तो कसा पेलणार? तो विमानाच्या भक्कम सांगाड्यालाच जखडावा लागतो. आसनामागे सहज म्हणून ठेवलेली ३ किलोंची हत्यारांची पेटी अशा वेळी ६० किलोंच्या जोराने मानेवर येते.

आसनाच्या गादीविषयी तर फार मोठा गैरसमज आहे. मऊ स्पंजाची जाड गादी बसण्यास सुखाची, म्हणून ती सुरक्षितही असेल, असे अनेकांना वाटते. आपटताना मात्र शरीर तिच्यात सहज बुडते, दरम्यान आसन थांबलेले असते, आणि मग शरीर त्याच्या कठीण तळावर आदळते. त्यापेक्षा सावकाश दबणारा, दाट फेस बरा. १९६० नंतरच्या दशकात नासा या संस्थेसाठी असा फेस तयार करण्यात आला; आता त्याच्या उशाही बाजारात मिळतात.

या सर्वांचा एकत्र विचार करून बांधलेले एक विमान १९५० च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये उडाले. अभियंते फ्रेड वाइक यांनी ते शेतावर औषध फवारण्यासाठी रचले होते. त्यात वैमानिकाला उंच आणि मागे बसविले होते, पुढे औषधाची टाकी व लांब नाक होते. विमान आदळले तर पुढचा भाग चेपत जावा आणि वैमानिकाभोवतीचा भक्कम पिंजरा शाबूत राहावा, अशी ती योजना होती. आजही फवारणीची बहुतेक विमाने याच घडणीची असतात.

पिंजरा शाबूत राहिला, माणूस शुद्धीवर राहिला, तरी एक संकट उरतेच. नांगरलेल्या शेतात चाक रुतून लहान विमान पुष्कळदा उलटे होते. डोक्यावर भक्कम कमान नसेल, तर विमानाचा भार वैमानिकाच्या मानेवर येतो. पारदर्शक झाकण जमिनीला टेकल्यामुळे उघडत नाही, आणि तोच इंधनाचा वास येऊ लागतो. काही लहान विमानांत इंधनाची टाकी उपकरणफळीच्या मागे, अगदी गुडघ्यांवरच असते! नळ्या ताणून बसविलेल्या असतील तर त्या तुटतात. थोड्या सैल व लवचिक असतील तर टिकतात. झाकण फोडण्याचे हत्यार हाताशी बांधलेले असेल तर बाहेर पडता येते. ते मागच्या कप्प्यात असेल तर ते नसल्यासारखेच.

अनुभवी बांधणारे म्हणूनच विमान अर्धवट असतानाच त्यात बसून पाहतात. कमरेचे व खांद्यांचे पट्टे घट्ट आवळतात, अंग पुढे झोकून डोके कोठवर जाते ते पाहतात. मग डोळे मिटून एकेक वस्तू चाचपतात: ही झाकणाची कडी, हे हत्यार, ही इंधनाची तोटी. पट्टे आवळलेले असताना तोटीपर्यंत हात पोहोचत नसेल, तर ती काढून जवळ बसवितात. विमान अजून खोलीतच असते, तोवर हे एका संध्याकाळचे काम असते.